टाकीपर्यंतची शिडी

सोमवारी सकाळी हरकतरावांच्या घरातला नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. हरकतराव तेव्हा तोंडाला साबण लावून उभे होते. पुढच्या सहा दिवसांत त्यांनी जे जे केलं ते सगळं साबण लावून उभ्या असलेल्या माणसाच्या घाईनं केलं, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे त्यांच्याबद्दल फार वाईट मत होणार नाही.

हरकतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीच्या कचेरीत अपघाताचे दावे त्यांच्या टेबलावर येत, आणि आलेल्या प्रत्येक दाव्यावर लाल शाईनं ‘हरकत आहे’ असा शेरा मारून ते तो आल्या वाटेनं परत पाठवत. बावीस वर्षं हे काम इमानेइतबारे केल्यावर दुसरं काय नाव पडणार? कचेरीतलं हे नाव कुणीतरी घरापर्यंत पोचवलं आणि आता बायकोही रागावली की त्यांना हरकतराव म्हणायची. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस.

बावीस वर्षं दुसऱ्यांचे अपघात वाचून माणसाचं जे होतं ते हरकतरावांचं झालं होतं. बाथरूममध्ये घसरून, गच्चीवरून तोल जाऊन, स्टुलावरून पाय सटकून, शिडीवरून पडून, असे चार गठ्ठे त्यांच्या उजव्या हाताला कायम असत आणि त्यांतला शिडीचा गठ्ठा सगळ्यांत जाड होता. घरी त्यांनी वर चढून पंख्याला हात पुरेल अशी एकही वस्तू ठेवली नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांना एकदा, फक्त एकदा, उठताना भोवळ आली. त्या संध्याकाळी बाबांच्या खोलीतलं स्टूल गेलं, उंबऱ्याजवळ रबरी चटई आली आणि भिंतीवर सूचनांचा कागद लागला. त्यातली नववी सूचना ‘उठण्यापूर्वी हाक मारणे’ अशी होती. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी तो कागद वाचला आणि फक्त एवढंच म्हटलं की अक्षर फार वाईट आहे.

तर नळ गप्प झाला. इमारत तीन मजल्यांची, हरकतराव तिसऱ्यावर. गच्चीत जिना जिथे संपतो त्या खोलीच्या डोक्यावर तीन टाक्या, प्रत्येक मजल्याला एक. तिसऱ्या मजल्याच्या टाकीतला पाणी अडवणारा फुगा वर अडकून बसला होता आणि खालून पंपाचं पाणी कितीही आलं तरी तो आत थेंब घेत नव्हता. गच्चीपासून टाक्यांपर्यंत उंची तेरा फूट. तिथे लोखंडी शिडी असायला हवी होती. बिल्डरला विचारलं तेव्हा त्यानं नकाशा उघडून दाखवला. नकाशात शिडी होती.

प्लंबर आला, कमरेवर हात ठेवून वर बघत उभा राहिला आणि म्हणाला की पाच मिनिटांचं काम आहे, शिडी आणून ठेवा. त्याच्या पिशवीत जगातलं प्रत्येक अवजार होतं, शिडी तेवढी नव्हती. शिडी ज्याच्या घरचं काम त्यानं द्यायची असते, हे त्यानं अशा थंडपणे सांगितलं की कायद्यात तसं कलम असेल असंच हरकतरावांना वाटलं. तो एकदम रविवारी सकाळीच मोकळा होता.

मंगळवारी खरी ठिणगी पडली. पाणी तळमजल्यावरच्या नळावरून बादल्यांनी वर येत होतं. हरकतराव दोन बादल्या घेऊन धापा टाकत वर पोचले तर दारात बाबा, हातात तांब्या. तो त्यांनी खालून भरून आणला होता. हरकतरावांनी तांब्या काढून घेतला, बाबांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि जिना हा घरातला सर्वांत धोकादायक भाग कसा आहे ते आकडेवारीसह सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, रविवारी सकाळी अकराची गाडी आहे, मी धाकट्याकडे जातो. कायमचा. इथं पाणी नाही.

आणि बोलल्याप्रमाणे त्यांनी बॅग भरायला घेतली.

हरकतरावांनी यातलं शेवटचं वाक्य घट्ट धरलं. इथं पाणी नाही. म्हणजे पाणी आलं की बाबा राहणार. कारण, उपाय, मुदत, सगळं एका ओळीत. बायको म्हणाली, पाणी हे कारण नव्हे, पण ते म्हणणं त्यांनी हरकत घेऊन परत पाठवलं. खरं सांगायचं तर बाबांनी जावं हे त्यांना सोसणारं नव्हतं. आई गेल्यापासून रोज सकाळी बाबांच्या खोलीतून ऐकू येणारं खाकरणं ही त्यांच्या दिवसाची घंटा होती. ती बंद झाली तर उठायचं कशासाठी, हे त्यांना सुचेना. रविवारी अकराच्या आत नळाला पाणी आलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

हार्डवेअरच्या दुकानात अॅल्युमिनियमची घडीची शिडी साडेसहा हजारांना होती. दुकानदारानं ती उघडून दाखवली, मिटून दाखवली आणि तिच्यात स्वतःचं बोट चिमटून घेतलं. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूला साडेसहा हजार! हरकतराव तसेच परतले आणि त्यांनी जिन्यात उभं राहून, बांबूची शिडी आणावी का, असा प्रश्न मोठ्यानं विचारला. ही त्यांची पहिली चूक. जिन्यात मोठ्यानं विचारलेला प्रश्न आपला राहत नाही.

तळमजल्यावरचे चेअरमन म्हणाले की टाकी तुमची, फुगा तुमचा, त्यात सोसायटीला पडायचं नाही, पण बांबू म्हटलं की इमारतीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न येतो. दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर यांनी मात्र बांबूची बाजू उचलून धरली. बांबू पोलादाला हार जात नाही, असं ते म्हणाले आणि तंतू, ताण, दाब असं वीस मिनिटं बोलले. ते कागदाच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते, म्हणजे बांबूशी त्यांचा संबंध त्याचा लगदा करण्यापुरता होता, ही गोष्ट हरकतरावांच्या फार उशिरा ध्यानात आली. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. दार उघडंच होतं.

लाकडाच्या वखारीमागच्या मोकळ्या जागेत एक मावशी शिड्या बनवायच्या. पन्नाशीच्या, बारीक, कमरेला कोयता. त्यांच्याकडे दोन तऱ्हेच्या शिड्या होत्या. एक तयार, नऊशेला. तिच्या पायऱ्या दोन्ही बाजूच्या बांबूंवर खिळ्यांनी ठोकलेल्या. दुसरी करून घ्यावी लागे, बावीसशेला. तिच्यासाठी वर्षभर सावलीत वाळलेले बांबू निवडायचे, त्यांना पेराजवळ भोकं पाडायची, पायरी एका बांबूतून आरपार दुसऱ्यात घालायची आणि वर तारेनं आवळायची. चार दिवस लागणार.

हरकतरावांनी नमुन्याची एक जुनी शिडी आणि नऊशेची शिडी शेजारी शेजारी ठेवून कचेरीतल्या नजरेनं तपासली. दोन्हींना पायऱ्या तेरा. दोन्ही पिवळ्या. उलट नऊशेची जरा जास्तच टवटवीत. फरक काय तो दाखवा, असं त्यांनी मावशींना ठणकावून विचारलं. मावशी म्हणाल्या की फरक दिसत नाही, चढल्यावर कळतो. असली मोघम उत्तरं देणाऱ्यांचे दावे हरकतरावांनी बावीस वर्षं फेटाळले होते. शिवाय चार दिवस म्हणजे रविवारची सकाळ उलटणार. मग मावशींनी विचारलं की चढणार कोण. प्लंबर, असं हरकतरावांनी सांगितलं.

“मग कुठलीही न्या,” मावशी म्हणाल्या.

गुरुवारी नऊशेची शिडी हातगाडीवरून निघाली. चौकात ट्रॅफिक पोलिसानं शिट्टी मारली. गाडीच्या मागे चार फुटांच्या वर माल आला तर टोकाला लाल फडकं पाहिजे. हरकतरावांनी पिशवीतली फायली बांधायची लाल नाडी काढून बांधली. पोलीस म्हणाला, नाडी चालत नाही, फडकं. नियमाला नियम म्हणून मान देणारा हरकतरावांसारखा माणूस शोधून सापडायचा नाही. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि भर चौकात त्यावर शेऱ्याच्या लाल शाईची बाटली ओतली. रुमाल लाल झाला. शर्टाचं पोट लाल झालं, डावी बाही लाल झाली. त्याच अवतारात ते दुपारी कचेरीत पोचले तेव्हा शिपायानं त्यांना बघून खुर्ची पुढे केली, साहेबांनी डॉक्टरला फोन लावला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हळूच अपघाताच्या दाव्याचा कोरा फॉर्म त्यांच्यासमोर सरकवला. बावीस वर्षांची सूडबुद्धी होती त्यात.

शिडी जिन्यात वळेना. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, म्हणजे प्रत्येकानं नंतर सांगितलं की माझ्या आलं होतं. शेवटी दोर आणून ती बाहेरून वर ओढली. दुसऱ्या मजल्यावर इंजिनिअरांच्या बाल्कनीतली कुंडी शिडीच्या पायानं उचलली गेली, काही काळ शिडीबरोबर वर चढली आणि मग विचार बदलल्यासारखी खाली आली. खाली चेअरमन उभे होते. कुंडी त्यांच्यापासून दीड हातावर फुटली. तोपर्यंत सोसायटीला यात पडायचं नव्हतं. आता सोसायटी यात चांगलीच पडली.

संध्याकाळी जिन्याच्या फळ्यावर नोटीस लागली. सामाईक जागेत आणलेल्या शिडीची भारचाचणी झाल्याशिवाय तिचा वापर करू नये. हरकतरावांनी नोटीस दोनदा वाचली. तिच्यात चूक काढता येईना, कारण कचेरीत ते स्वतः हेच लिहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समोरच्या खुर्चीवर बसल्यासारखं वाटलं आणि ती खुर्ची फार टोचली.

शुक्रवारी सभा झाली, दोन तास. चाचणी कशी घ्यायची ते इंजिनिअरांनी सांगितलं. चढणाऱ्याच्या तिप्पट वजन. चढणाऱ्याचं वजन किती? प्लंबरला फोन लावला. वजन कशासाठी विचारताहेत ते न कळल्यानं त्यानं सावधपणे साठ सांगितलं. इंजिनिअरांनी त्याला पाहिलेलं होतं. त्यांनी नव्वद धरलं. म्हणजे दोनशे सत्तर किलो वाळू. हरकतराव बसल्या जागी चुळबुळत होते, घड्याळ बघत होते, मधूनच उठून गच्चीत जाऊन शिडी आहे ना ते बघून येत होते. घरी आले तर बाबांच्या बॅगेला कुलूप लागलं होतं.

शनिवारी सकाळी गच्चीत चाचणी. शिडी दोन सिमेंटच्या ठोकळ्यांवर आडवी ठेवली आणि तिच्यावर एकेक वाळूचं पोतं चढू लागलं. बाबा कठड्यापासून लांब, दाराजवळच्या खुर्चीवर होते, कारण हरकतरावांनी त्यांना तिथेच बसायला सांगितलं होतं. शंभर किलो झालं. दोनशे झालं. इंजिनिअर वहीत लिहीत होते. दोनशे साठला शिडी कुरकुरली. हरकतराव म्हणाले, आता पुरे, पण नियम तिपटीचा होता आणि नियमाच्या बाबतीत त्यांचं तोंड आधीच बंद झालेलं होतं. शेवटची दहा किलोची पिशवी ठेवली आणि शिडी मधोमध मोडली.

मग इंजिनिअरांनी भागाकार केला. दोनशे साठ भागिले तीन. शहाऐंशी किलोपर्यंतच्या माणसाला शिडी पूर्ण सुरक्षित आहे, असं त्यांनी जाहीर केलं आणि तसा दाखला लिहून दिला. चेअरमननी त्यावर शिक्का मारला. अशा रीतीनं हरकतरावांकडे सुरक्षिततेचा दाखला आला. शिडी नव्हती, ती गोष्ट वेगळी.

मंडळी पांगली. हरकतराव दाखला हातात धरून मोडक्या शिडीकडे बघत राहिले. नऊशे गेले, हातगाडी गेली, दोर, कुंडी, रुमाल, शर्ट, पोती, वाळू. बावीसशे केव्हाच मागे पडले होते. पण त्याचं त्यांना काही वाटेना. उद्या अकरा वाजता गाडी होती. तेवढ्यात बाबा हाक न मारता खुर्चीतून उठले, खाली बसले आणि मोडलेली पायरी त्यांनी हातात घेतली.

“हे बघ,” ते म्हणाले. “खिळा जिथे मारला तिथे बांबू उभा चिरलाय. आणि ओला आहे हा. महिन्यापूर्वीचा. वाळला की अंग चोरणार आणि खिळे आपोआप सैल पडणार. ही आज मोडली नसती तर उद्या तो प्लंबर पडला असता.”

“तुम्हाला गुरुवारीच कळलं होतं?”

“गच्चीत आली तेव्हाच कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

बाबांनी पायरी खाली ठेवली. “चाळीस वर्षं मी शिडीवर उभं राहून अख्ख्या बाजाराच्या पाट्या रंगवल्या. आठवडाभर या घरात शिडीशिवाय दुसरा विषय नाही. चेअरमनला विचारलंत, त्या लगदेवाल्याला विचारलंत, फोन करून प्लंबरला त्याचं वजन विचारलंत. मला एकानं विचारलं नाही.”

“तुम्हाला त्रास नको म्हणून, बाबा.”

“म्हणूनच चाललोय,” बाबा म्हणाले.

बायकोनं मंगळवारी सांगितलेली गोष्ट शनिवारी त्यांच्या पदरात पडली होती आणि तिला हरकत घ्यायला जागा नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. दाखल्याची घडी करून त्यांनी खिशात घातली आणि कितीतरी वर्षांत विचारला नव्हता असा प्रश्न विचारला.

“मग आता काय करायचं, बाबा?”

बाबा चपला घालायला लागले.

वखारीपर्यंत बाबा पुढे आणि हरकतराव दोन पावलं मागे असे चालले. तिथे बाबांनी मावशींच्या बांबूंवर बोटाच्या पेरानं टिचकी मारून कान लावला, एकेका बांबूचं टोक डोळ्याजवळ धरून तो सरळ आहे का ते पाहिलं आणि बाजूला ठेवला. मावशी आधी नुसत्या बघत होत्या. मग त्याही टिचक्या मारायला लागल्या. दोघं बांबू तोडायचे दिवस, भोक पाडायचं गिरमिट, तार आवळायची मूठ असलं काहीबाही बोलू लागले आणि त्या बोलण्यात हरकतरावांना शिरायला फट सापडेना. मध्ये एकदा बाबा त्यांच्याकडे वळून म्हणाले की बावीसशे काही जास्त नाहीत, सव्वीस भोकं हातानं पाडायची आहेत आणि एक जरी तिरकं गेलं तरी बांबू फुकट. हरकतरावांनी मान डोलावली.

पण चार दिवस ते चार दिवसच. शेवटी मावशींनी आपल्या घराच्या पत्र्याला टेकवलेली शिडी काढली. नमुना म्हणून दाखवली होती तीच, हातांनी घासून गुळगुळीत आणि काळपट झालेली. अकरा वर्षं त्या स्वतः तिच्यावर चढत होत्या. ही विकायची नाही, पण उद्याच्या दिवस न्या, असं त्या बाबांना म्हणाल्या. पैसे घेतले नाहीत. परतताना बाबा खुशीत होते, चक्क शीळ घालत होते. हरकतरावांना उभारी आली, आणि तेवढ्यात बाबांनी विचारलं की स्टँडवर पोचायला घरून किती वेळ लागतो. अर्धा तास, असं हरकतरावांनी सांगितलं आणि ते पुन्हा दोन पावलं मागे पडले.

रविवारी साडेनऊला प्लंबर आला. तोवर ही शिडीही दोरानं बाहेरूनच गच्चीत ओढून घेतली होती, या वेळी कुंड्या आत घेऊन. बाबांची बॅग दारात उभी होती. प्लंबरनं गच्चीत येऊन शिडी पाहिली आणि दोन पावलं मागे सरला. बांबूवर आपण चढत नाही, आपल्याला पोरंबाळं आहेत, असं तो म्हणाला. हरकतरावांनी दाखला काढून दाखवला. इंजिनिअरांनी तत्परतेनं सांगितलं की तो दाखला या शिडीचा नाही. चेअरमन म्हणाले, मग नवी चाचणी लागेल. या बोलाचालीत कुणाचं लक्ष नाही असं बघून बाबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि प्लंबरच्या पिशवीतला पाना उचलला.

हरकतरावांच्या डोळ्यांसमोरून तो जाड गठ्ठा सर्रकन गेला. पण दंड धरून खुर्चीत बसवायला गेलेला हात त्यांनी अर्ध्यावरच आवरला. आता तसं करायचं नव्हतं.

“द्या इकडे,” ते म्हणाले. “मी चढतो. तुम्ही धरा.”

बायको म्हणाली, अहो खरंच? बाबांनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, पाना त्यांच्या हाती दिला आणि कामाला लागले. शिडीचे पाय भिंतीपासून मोजून तीन पावलं लांब, पायांखाली ओलं गोणपाट, खालच्या पायरीवर स्वतःचा उजवा पाय, दोन्ही बांबूंना दोन हात. खाली बघायचं नाही, नाकासमोरची पायरी बघायची. दोन हात आणि एक पाय, नाहीतर दोन पाय आणि एक हात, तीन गोष्टी कायम शिडीवर. एवढं सांगून ते म्हणाले, चढ.

हरकतराव चढले. चढले म्हणजे काय, तर शिडी थरथरत होती आणि ते तिला लटकून तिच्याबरोबर थरथरत होते. चौथ्या पायरीवर चेअरमन म्हणाले डावीकडे, सहावीवर इंजिनिअर म्हणाले गुरुत्वमध्य, आठवीवर प्लंबर म्हणाला जपून, हल्लीच एक जण पडला. बाबांनी मान न वळवता सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. चेअरमनना या इमारतीत कुणी गप्प बसवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ते गप्प बसले.

तेराव्या पायरीवरून हरकतराव पोटावर सरपटत स्लॅबवर गेले, टाकीपर्यंत रांगले आणि झाकण उघडलं. फुग्याचा दांडा क्षारांनी धरला होता. प्लंबर खालून ओरडून सांगत होता तसे त्यांनी पान्यानं दोन ठोके घातले. दांडा खाली आला आणि टाकीत धबाबा पाणी पडायला लागलं. खरोखरच पाच मिनिटांचं काम होतं.

बायको भांडी भरायला खाली पळाली. चेअरमन आणि इंजिनिअर, आता पाहण्यासारखं काही उरलं नाही असं बघून गेले. प्लंबर देखरेखीचे म्हणून अर्धे पैसे घेऊन गेला. गच्चीत बाबा आणि वर हरकतराव, दोघंच राहिले. हरकतराव स्लॅबच्या काठाशी सरकत आले, कसेबसे पाय खाली सोडून त्यांनी ते वरच्या पायरीवर टेकवले आणि तिथेच थिजले. पुढे सरकणं शक्य नव्हतं. पाय असे लटपटत होते की सगळी शिडी खडखडत होती.

“उतर,” बाबा म्हणाले.

“उतरता येत नाही.”

“मग बस थोडा. मी धरलंय.”

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. हरकतराव बसले. बराच वेळ ते नाकासमोरच्या बांबूकडेच बघत होते. मग जरा धीर करून त्यांनी नजर खाली सोडली. बाबांचं टक्कल त्यांनी असं वरून कधीच पाहिलं नव्हतं. त्याच्या दोन्ही बाजूंना बांबू धरलेले दोन हात, शिरा वर आलेले, पण ढिम्म. लहानपणी एकदा ते बाजारात बाबांबरोबर गेले होते, बाबा उंच शिडीवर, हे खाली, आणि भीती वाटत नव्हती. त्याच माणसाबद्दल आपल्याला भीती वाटायला कधी लागली, हे त्यांना आठवेना. वाऱ्याची झुळूक आली. खाली स्वयंपाकघरात बादल्या भरल्याचा आवाज येत होता. आपले पाय लटपटायचे थांबले आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. साडेदहाला पाच कमी. आत्ता उतरलं तर बाबा हात धुतील, बॅग उचलतील आणि वेळेवर स्टँडवर पोचतील. ‘माहिती जाणूनबुजून दडवली’ हा शेरा हरकतरावांनी आजवर किती जणांवर मारला असेल त्याला गणती नाही.

“बाबा,” त्यांनी हाक मारली. “अजून जमत नाहीये.”

“बरं,” बाबा म्हणाले.

साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. मध्ये एकदा बायको गच्चीच्या दारात आली, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि परत गेली. ऊन चढलं. बाबांच्या टकलावर घामाचे थेंब आले, तेव्हा हरकतरावांचा जीव कासावीस झाला. उतरावं असं दोनदा मनात आलं, दोन्हीदा त्यांनी दात दाबून घड्याळ पाहिलं. अकरा झाले. अकरा वाजून पाच झाले.

“गाडी सुटली असेल,” बाबा खालून म्हणाले. “आता उतर.”

“जमेलसं वाटतंय आता.”

“अर्ध्या तासापूर्वीही जमलं असतं. तुझे पाय केव्हाच थांबलेत. धरणाऱ्याच्या हाताला सगळं कळतं.”

हरकतरावांचे कान लाल झाले.

“मग तेव्हाच बोलला का नाहीत, बाबा?”

“बोललो असतो तर तू उतरला असतास,” बाबा म्हणाले. “आणि मला गाडी पकडावी लागली असती.”